सुगीची सुट्टी आणि बदलीचे गाव

वर्षा ऋतू ओसरला की बुंदेलखंडाचे रूप काही दिवसांतच पालटते. ओढ्यांचे पाणी निवळते, खडकाळ टेकड्यांवरचे गवत पिवळसर होऊ लागते आणि रस्त्याच्या दुतर्फा कांसाचे पांढरे तुरे वाऱ्यावर डोलू लागतात. झाशीहून ललितपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, झाशीपासून सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावर बबीना हे छावणीचे गाव आहे. एका बाजूस लष्कराची वसाहत व सरावाची विस्तीर्ण मैदाने, मधून जाणारा झाशी-बीना लोहमार्ग, दुसऱ्या बाजूस बाजारपेठ आणि तिच्या पलीकडे उडीद, तीळ व भुईमुगाची शेते, असा या गावाचा परिसर. शरद ऋतूत येथील शेतांवर सुगीची लगबग असते आणि नेमक्या त्याच वेळी शाळांना सुट्टी लागते.

अशा गावात महाराष्ट्रातून बदलीवर आलेली कुटुंबे नेहमीच असतात. कोणी सैन्यात, कोणी रेल्वेत, कोणी शाळेत, तर कोणी बँकेत. दोन-तीन वर्षांचा मुक्काम, मग पुन्हा सामानाची बांधाबांध. या घरांतील लहान मुलांना दसऱ्याच्या सुमारास सुट्टी मिळाली की पालकांपुढे प्रश्न उभा राहतो : एवढे दिवस मुलांचे करायचे काय? गावी जावे, तर महाराष्ट्रातील शाळांची मोठी सुट्टी दिवाळीला. दसऱ्याच्या दिवसांत तेथील आते-मामेभावंडे सहामाही परीक्षेच्या तयारीत गुंतलेली. मग बबीन्यातील सुट्टी दूरचित्रवाणीसमोर, मोबाईलवर किंवा झाशीतील दुकानांच्या फेऱ्यांत सरते. मुले कंटाळतात, पालक वैतागतात आणि सर्वांचे डोळे दिवाळीच्या रेल्वे आरक्षणाकडे लागतात.

हे दिवस कसेबसे ढकलायचे नसून बदलीच्या गावाशी मुलांचे नाते जोडण्याची ती वर्षातील सर्वांत अनुकूल संधी आहे, हा विचार येथे मांडावयाचा आहे. त्यासाठी विशेष खर्चाची गरज नाही. मात्र ही सुट्टी मुळात कशाची आहे, हे ध्यानात घ्यावे लागेल.

सुट्टी कोणाची?

सुट्टी म्हणजे विश्रांती, हा अर्थ शहरी जीवनाने दिला. शेतीप्रधान समाजात शरद ऋतूतील सुट्टी ही प्रामुख्याने कामाची सुट्टी होती. पीक काढणीला आले की घरातील प्रत्येक हात शेतावर लागे आणि शाळा आपोआप रिकाम्या पडत. ही गोष्ट केवळ भारताची नाही. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरमधील शालेय सुट्टीला आजही काही भागांत ‘बटाट्याची सुट्टी’ म्हणतात, कारण विसाव्या शतकात बराच काळ तेथील मुले त्या दिवसांत बटाटे वेचण्यासाठी शेतांवर जात. जर्मनीतही शरदातील सुट्टीला असेच नाव रूढ होते. भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेच्या वेळा व सुट्ट्या मुलांच्या सोयीनुसार असाव्यात असे म्हटले आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळांचे वार्षिक वेळापत्रक ठरविण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणांवर सोपविली. त्यामागे हीच जाणीव होती.

बबीन्याच्या आसपासच्या खेड्यांतील अनेक मुलांसाठी ही सुट्टी अद्यापही कामाची आहे. कोणी धाकट्या भावंडास सांभाळते, कोणी गुरे राखते, कोणी भुईमुगाच्या वेलांवरील शेंगा तोडू लागते. बुंदेलखंडातील कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न तोकडे; सुगी आणि पेरणी आटोपली की कित्येक कुटुंबे मजुरीसाठी दूरच्या शहरांची वाट धरतात आणि त्यांच्यासोबत गेलेल्या मुलांची शाळा सुटते. छावणीतील अथवा बँकेच्या वसाहतीतील मूल ज्या दिवसांत ‘काय करू?’ म्हणून आईच्या मागे लागलेले असते, त्याच दिवसांत दोन-तीन किलोमीटरवरील त्याच्याच वयाच्या मुलाला उसंत नसते. ही दोन बालपणे एकमेकांना कधीच भेटत नाहीत, ही खरी खंत आहे.

बुंदेली मुलांचे सण

मात्र या भागातील मुलांच्या वाट्याला केवळ काम आले, असे नाही. शरद ऋतूत बुंदेलखंडातील मुलामुलींचे स्वतःचे असे सण ओळीने येतात. त्यांत मोठ्यांची लुडबुड जवळजवळ नसते.

पितृपंधरवड्यात मुली ‘मामुलिया’ खेळतात. बोरीची किंवा बाभळीची काटेरी फांदी आणायची, तिच्या काट्याकाट्यांवर फुले खोचायची, तिला नवरीसारखे सजवायचे आणि गाणी गात गल्लीतून मिरवीत नेऊन तळ्यात किंवा नदीत विसर्जित करायचे. नवरात्र सुरू झाले की पहाटे ‘नौरता’ किंवा ‘सुअटा’ हा खेळ मांडला जातो. कुमारिका भिंतीवर वा ओट्यावर सुअटा नामक दैत्याची मातीची आकृती करतात, तिच्यापुढे रंगीत पुडीने चौक रेखाटतात आणि गाणी म्हणतात. दसऱ्याच्या आगेमागे मुलगे ‘टेसू’ घेऊन दारोदार फिरतात. तीन काटक्यांच्या आधारावर बसविलेला मातीचा छोटा वीर आणि मधोमध दिवा, एवढेच त्याचे रूप. मुली छिद्रे पाडलेल्या मडक्यात दिवा ठेवून ‘झिंझिया’ मिरवितात. दोघांनाही घराघरांतून धान्य किंवा पैसे मिळतात. शेवटी शरद पौर्णिमेला टेसू आणि झिंझियाचे लग्न लागते आणि खेळ संपतो. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मोरपिसांचे जुडगे घेतलेले, मौन पाळणारे ‘मौनिये’ गावोगाव फिरतात आणि ढोलकीच्या ठेक्यावर लाठ्यांचे ‘दिवारी’ नृत्य रंगते. ते मात्र मोठ्यांचे असते. मुले तोंडात बोट घालून पाहत राहतात.

या खेळांना लागणारे साहित्य पाहावे : काटेरी फांदी, रानफुले, माती, काटक्या, फुटके-धड मडके आणि तेलाचा थेंब. सर्व काही या ऋतूत, या मातीत मिळणारे. विकत घ्यावयाची वस्तू म्हटली तर एखादे मडके, तेही गावातील कुंभाराकडून. टेसूच्या नावाने मिळालेले धान्य व पैसे मुले आपसांत वाटून घेतात किंवा त्यांतून लग्नाचा खाऊ आणतात. सामाईक निधी कसा जमवावा, हिशेब कसा ठेवावा आणि वाटणीत कोणावर अन्याय होऊ नये म्हणून काय करावे, याचे पहिले धडे मुले येथेच गिरवितात. बँकेच्या परिवारातील वाचकांस याचे मोल वेगळे सांगायला नको.

फेर पूर्ण होण्यासाठी

मराठी वाचकांना मामुलिया आणि झिंझियाची वर्णने वाचताना आपला भोंडला आठवल्यावाचून राहणार नाही. पश्चिम महाराष्ट्रात हस्त नक्षत्रावर सूर्य आला की पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरला जातो. कोठे त्याला हादगा म्हणतात. विदर्भ-खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते. गाणी मुलींची, खिरापत ओळखण्याची गंमत मुलींची आणि विसर्जनही त्यांचेच. पाऊस संपून पीक हाती येण्याच्या काळात मुलींना घराबाहेर एकत्र येण्याचा हा हक्काचा अवसर नर्मदेच्या दोन्ही तीरांवर सारखाच आढळतो.

पंचांगातील एक फरकही मुलांना सांगण्याजोगा आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तर उत्तर भारतात पौर्णिमेला. त्यामुळे मराठी घरात पितृपंधरवडा भाद्रपदात येतो आणि शेजारच्या बुंदेली घरात तोच ‘क्वार’ म्हणजे आश्विन महिन्यात. दिवाळीची अमावास्या मराठी घरात आश्विनातली, तर शेजारी कार्तिकातली. आकाशातील चंद्र मात्र दोन्ही अंगणांत एकच असतो. एकाच दिवसाला दोन नावे असू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात, ही गोष्ट मुलाला लहान वयात उमगणे मोलाचे आहे.

आता अडचण अशी की भोंडल्याला फेर लागतो. बबीन्यासारख्या ठिकाणी मराठी घरे मोजकी. तीन-चार मुलींचा फेर धरला तरी तो लगेच संपतो, मुली संकोचतात आणि पुढच्या वर्षी कोणी पाटसुद्धा मांडत नाही. दुसरीकडे गावातील मामुलियाचीही तीच अवस्था होऊ लागली आहे. शिकवणी, इंग्रजी शाळेचा गृहपाठ आणि घरोघरी पोहोचलेला मोबाईल यांमुळे मिरवणुकीला पुरेशा मुली जमत नाहीत. अशा वेळी दोन अपुरे फेर एकत्र आले तर एक पुरा फेर होईल, हा साधा हिशेब आहे. मराठी घरांनी आपल्या अंगणात भोंडला मांडावा आणि गल्लीतील सर्व मुलींना बोलवावे. त्यांनी मामुलियाला बोलावले की आपल्या मुलींना आवर्जून पाठवावे. खिरापतीत एक दिवस भिजवलेली डाळ, एक दिवस उकडलेल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा असाव्यात. बुंदेली मुलीला खिरापतीचे नाव ओळखता आले नाही आणि मराठी मुलीला गाण्यातील शब्द कळला नाही, म्हणून खेळ अडत नाही. असे प्रसंगच मैत्रीची सुरुवात ठरतात.

शिवाय, या प्रदेशात मराठी माणूस नवखा नाही. महाराज छत्रसालांनी थोरल्या बाजीरावांना दिलेल्या प्रदेशातून बुंदेलखंडात मराठ्यांचा अंमल सुरू झाला. कोकणातून आलेल्या नेवाळकर घराण्याने झाशीचे संस्थान सांभाळले आणि १८४२ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाशीतील गणेश मंदिरात झाला. १८५७ मध्ये पेण तालुक्यातील वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्याच्या वेळी शहरात होते आणि त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक त्या दिवसांची साक्ष देते. दिवाळीत मराठी मुले अंगणात किल्ला करतात. बबीन्यातील मुलांनी या वर्षी रायगड किंवा सिंहगडाऐवजी झाशीचा किल्ला करावा. १६१३ मध्ये ओर्छ्याच्या वीरसिंहदेवाने टेकडीवर बांधलेला तो किल्ला आधी प्रत्यक्ष पाहून यावे, दरवाजे मोजावेत, तटबंदीचे वळण कागदावर काढून आणावे आणि मग येथल्याच लाल मातीत तो उभा करावा. गल्लीतील मुले त्यात हौसेने सामील होतील, कारण तो त्यांचाही किल्ला आहे.

शेत, माती आणि बँक

खेळांइतकेच महत्त्वाचे आहे ते प्रत्यक्ष सुगीचे दर्शन. बालशिक्षणाच्या क्षेत्रात महाराष्ट्राला याचा मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले काम पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर बहरले. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले, खडे यांच्या साहाय्याने आदिवासी मुलांना शिकविता येते, हे त्यांनी सिद्ध केले. जी मुले गुरे राखत असल्याने शाळेत येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ हे समर्पक नाव लाभले. ज्या भाषेत कुरणशाळा घडली, त्या भाषेतील पालकांनी सुट्टीसाठी तयार खेळण्यांच्या पेट्या शोधीत बसावे, हे विसंगत वाटते.

बबीन्याच्या परिसरात चार-पाच वर्षांच्या मुलालाही करता येण्याजोगे पुष्कळ आहे. बुंदेलखंडातील शेतकरी आपल्या जमिनीचे मार, काबर, पडुवा आणि राकड असे प्रकार सांगतो. मार म्हणजे ओल धरणारी काळी जमीन. काबरही काळसर, पण वाळली की घट्ट होणारी. पडुवा हलकी आणि भुरभुरीत. राकड म्हणजे उतारावरची जाडीभरडी, खडे मिसळलेली लाल माती. काचेच्या चार बाटल्यांत या चार मात्या भराव्यात, प्रत्येकीत सारखे पाणी ओतावे आणि ते कोठे थांबते, कोठे वाहून जाते हे मुलाला पाहू द्यावे. या भागात पाऊस पडूनही शेती तहानलेली का राहते, याचे उत्तर त्याला बरेचसे आपोआप मिळेल. तिळाच्या पेंढ्या उभ्या का करून ठेवतात, भुईमूग जमिनीखाली कसा लागतो, उडदाच्या शेंगा वाळल्यावर कशा तडकतात, हे पाहताना मुलाचे तास कसे जातात ते कळतही नाही. डोळ्यांना सुखावणारा कांस हा शेतकऱ्याचा जुना वैरी आहे. त्याच्या खोल मुळांपायी एके काळी या प्रदेशातील कित्येक जमिनी पडीक झाल्या. सुंदर दिसते ते सर्वांनाच सुखाचे असते असे नाही, हे मुलाला येथे समजते.

एक सकाळ बेतवेकाठी घालवावी, एक दिवस ओर्छ्यास जावे. मात्र लष्कराच्या सरावक्षेत्राच्या हद्दीत मुलांना चुकूनही नेऊ नये आणि माळावर सापडलेली धातूची कोणतीही अनोळखी वस्तू उचलू नये, हे त्यांच्या मनावर पक्के बिंबवावे. छावणीच्या गावात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची ही पहिली जबाबदारी आहे.

शेतावर जाताना काही मर्यादा पाळणे अगत्याचे आहे. सुगीचे शेत ही सहलीची जागा नव्हे. तेथे वर्षाची कमाई उघड्यावर पडलेली असते. म्हणून शेतकऱ्याची आधी परवानगी घ्यावी, कामाच्या ऐन घाईत जाऊ नये, शेंगा घ्याव्यात तर बाजारभावाने पैसे देऊन घ्याव्यात आणि तेथल्या मुलांचे छायाचित्र प्रदर्शनाची वस्तू असल्यासारखे काढू नये. आपल्या मुलाने त्यांच्यासोबत घटकाभर शेंगा तोडाव्यात आणि त्यांनाही आपल्या घरच्या कोजागरीच्या दुधाला बोलवावे. भेट दोन्ही बाजूंनी झाली तरच ती टिकते.

बँकेत काम करणाऱ्या पालकांना तर हे शेत अधिक जवळचे असावयास हवे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डामुळे पीककर्ज हा शाखेच्या दैनंदिन कामाचा भाग झाला आहे. २०१६ च्या खरिपापासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत, कापून शेतात सुकत पसरलेल्या पिकाचे चौदा दिवसांच्या आत अवकाळी पावसाने नुकसान झाल्यास संरक्षणाची तरतूद आहे आणि त्याची सूचना बहात्तर तासांत द्यावी लागते. कागदावर हे एक कलम आहे. परंतु कापलेला उडीद शेतात पसरला असताना ढग दाटून आलेली संध्याकाळ ज्याने सहकुटुंब पाहिली, त्या अधिकाऱ्याला बहात्तर तासांचा अर्थ निराळा कळतो. दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर आलेल्या शेतकऱ्याशी तो निराळ्या स्वरात बोलतो. आई-बाबा बँकेत नेमके काय करतात, या मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही तेथे, बांधावर उभे राहून अधिक चांगले देता येते.

आक्षेपांचा विचार

यावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की मुलांना सुट्टीत निवांतपणा हवा, कार्यक्रमांची गर्दी नको. हे मान्यच आहे. किंबहुना वर सुचविलेल्या गोष्टी वेळापत्रकात बसविण्यासारख्या नाहीत. अंगणात माती आणून ठेवली की पुढचे मुलेच ठरवितात. दुसरा आक्षेप भाषेचा : बुंदेली-हिंदी मुलांत रमल्याने मूल मराठीपासून दुरावेल. अनुभव मात्र असा की ज्या मुलाला आपले गाणे दुसऱ्यांना समजावून सांगावे लागते, त्यालाच त्या गाण्याचा अर्थ प्रथम कळतो. घरात भोंडला होतच नसेल, तर मराठी तशीही क्षीण होते. तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे : दोन वर्षांत हे गाव सोडावयाचेच, मग मुलाला येथे जीव लावू देऊन निरोपाचे दुःख का द्यावे?

या प्रश्नाची चेष्टा करता येणार नाही. बदलीच्या मुलांना मित्र तुटण्याचे दुःख वारंवार सोसावे लागते आणि पुष्कळ पालक त्यांना त्यापासून वाचविण्यासाठी नकळत गावापासून दूर ठेवतात. परंतु कोठेच जीव न लावण्याची सवय झाली, तर ती केवळ बदलीपुरती राहत नाही. मामुलिया तळ्यात सोडताना आणि भुलाबाईचे विसर्जन करताना मुली दरवर्षी हेच शिकतात : दिवसेंदिवस खपून सजवावे, प्रेमाने मिरवावे आणि वेळ आली की हातातून सोडावे. हे शिक्षण ज्या मुलाला गल्लीतील सोबत्यांसह मिळाले, ते निरोप घेताना रडेल; पण पुढच्या गावी पोहोचल्यावर ते दार लावून बसणार नाही. तेथे कोणती मुले कोणता खेळ खेळतात, हे पाहायला ते बाहेर पडेल.

येत्या दसऱ्याला बबीन्यासारख्या अनेक गावांत मराठी कुटुंबे असतील. त्यांच्या अंगणात हत्तीचा पाट मांडला जावो, शेजारच्या दारी झिंझियाचा दिवा लागो, आणि शरद पौर्णिमेच्या रात्री कोजागरीच्या दुधाचा पेला टेसूच्या लग्नाला आलेल्या मुलांच्याही हाती पडो. सुगी चांगली झाली, असे शेतकरी ज्या समाधानाने म्हणतो, त्याच समाधानाने मग त्या घरांतील मुले म्हणतील की यंदाची सुट्टी चांगली झाली.